खाकी पुठ्ठ्यातला मास्तर: छोट्या गावातला खासगी गुप्तहेर आपल्याला का आवडतो?

चरईकर (धागाकर्ता) | रविवार, सकाळी १०:४२

गेल्या आठवड्यात ठाण्यातल्या एका छोट्या वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. नाव विचारू नका, कारण नावच नाही. बाइंडरने खाकी पुठ्ठा चढवलाय, कण्यावर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक, आणि पहिली चार पानं गायब. गोष्ट थेट पाचव्या पानावर अर्ध्या वाक्यातून सुरू होते. कुणीतरी पिठाच्या गिरणीच्या वरचा जिना चढत असतं.

तालुक्याचं गाव. गिरणीच्या माडीवर एका खोलीत एक माणूस खासगी चौकशीचा धंदा करतो. आधी कोर्टाबाहेर टायपिंग करायचा. गाव त्याला मास्तर म्हणतं, का ते कुणालाच आठवत नाही. गिरणी चालू असली की अशिलाला ओरडून बोलावं लागतं, आणि गिरणी बंद पडली की खाली डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांना सगळं ऐकू येतं. म्हणजे गुप्तहेर आहे, फक्त गुप्त काही नाही.

सराफाचा गुमास्ता हरवतो. तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या विहिरीत सापडतो. काठावर चपला, अगदी जोडून ठेवलेल्या. सगळे आत्महत्या म्हणून मोकळे होतात. मास्तर नुसत्या चपला उचलून उलट्या करून बघतो. गुमास्ता डाव्या पायाने किंचित लंगडायचा. या चपलांच्या टाचा मात्र दोन्हीकडे सारख्या झिजलेल्या.

इथे मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकला. लहानपणी अर्नाळकरांच्या झुंजारच्या रहस्यकथांवर वाढलोय. तेव्हा पाठलाग, वेषांतर, पिस्तूल असं काहीतरी लागायचं. आता पन्नाशी उलटल्यावर एका चपलेच्या टाचेने एवढं का धरून ठेवावं? तुमचा काय अनुभव? शेवट मी वाचलाय, पण इतक्यात सांगत नाही.

---

मिसळखाऊ | रविवार, सकाळी ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चपला बदलल्या असणार हो. देवळाबाहेरून आत्तापर्यंत माझे तीन जोड गेलेत, आणि एकदा मी दुसऱ्याचा घालून घरी आलो. बायकोने ओळखलं, मला कळलं नव्हतं.

---

निवृत्त_फौजदार | रविवार, दुपारी १२:३०

कथा चांगली आहे. थोडं खात्यातलं सांगतो, राग नसावा.

विहिरीत प्रेत सापडलं की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४. मग इन्क्वेस्ट पंचनामा आणि प्रेत पोस्टमॉर्टेमला. काठावरच्या वस्तूंचा पंचनामा होतो. चपलांचं वर्णन काय लिहितात? "तपकिरी रंगाच्या, वापरत्या, नंबर ८." झालं. पंचांच्या सह्या.

माझ्या नोकरीत असे किती पंचनामे लिहिले असतील, आता मोजता येणार नाहीत. टाच उलटी करून एकदाही बघितली नाही. धागा वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

---

डॉक_माजिवडा | रविवार, दुपारी १:१५

अवांतर, पण राहवत नाही. बुडून मेला की मारून टाकला हे फक्त फुप्फुसातल्या पाण्यावरून ठरवणं अवघड असतं. जिवंतपणी पाणी आत गेलं तर त्यातली डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं रक्ताबरोबर हाडांच्या मगजापर्यंत पोचतात, ती तपासतात. त्यावरही मतभेद आहेत. प्रेत तीन दिवस पाण्यात असेल तर सगळंच कठीण. मास्तरने चपलेवर भर दिला हे शहाणपणाचं केलं, कारण पोस्टमॉर्टेमचा अहवाल खासगी माणसाच्या हातात सहजासहजी पडत नाही.

---

कळवा_स्लो | रविवार, दुपारी ३:४०

उत्तर सोपं आहे. छोट्या गावात संशयित मोजके असतात. वाचकाला सगळे माहीत होतात, त्यामुळे डोकं चालवता येतं. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल घ्या. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. म्हातारी खेड्यात राहते, लोकर विणते, आणि प्रत्येक खुन्याला गावातल्या कुणाशी तरी ताडून बघते. हा अमक्या नोकरासारखा, ही तमक्या मुलीसारखी. गाव म्हणजे तिची नमुन्यांची वही.

---

चरईकर | रविवार, सायंकाळी ६:२०

कळवा_स्लो, अर्धं पटलं. मार्पलबाई फी घेत नाहीत, तिथेच फरक पडतो. मास्तर पोटासाठी करतो. त्याला गिरणीवाल्याला भाडं द्यायचंय, किराण्याची उधारी फेडायचीय. ज्याची चौकशी करायची त्याच्याच दुकानातून गूळ आणायचा. शहरातला गुप्तहेर केस मिटली की टॅक्सीत बसून जातो. हा कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने, त्याच माणसांसमोरून दाढी करायला जायचंय त्याला. मला वाटतं मला ते वाचायचं असतं: सत्य कळल्यानंतरचा बुधवार.

---

काळा_पहाड_पंखा | रविवार, रात्री ९:१०

असहमत. तुम्ही सगळे म्हातारे झालात.

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड. गिरणगावातला कामगारही भाड्याने आणून एका बैठकीत संपवायचा. त्याला काय हवं होतं? गूळ, उधारी, भाडं? ते त्याच्या घरी होतंच की! त्याला चाळीतून बाहेर पडून मोटारीत बसायचं होतं. आता मोटारी आल्या, फ्लॅट आले, तर तुम्हाला गिरणीची माडी हवी झाली. याला नॉस्टॅल्जिया म्हणतात, रहस्यकथा नाही.

---

मिसळखाऊ | रविवार, रात्री ९:१४

मोदक (म्हणजे अनुमोदन). पण मला दोन्ही चालतं. तर्री पण आणि दही पण.

---

पायपीट | सोमवार, सकाळी ८:५५

ट्रान्सहार्बर लोकलमधून लिहितोय, चुका असतील तर माफी.

मी वाशीत एका डिटेक्टिव्ह एजन्सीत तीन वर्षं काढली. आता सोडलंय. एजन्सीचं नाव घेणार नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्यांसाठी थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे परवाना. सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. गुप्तहेराला वेगळा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, कायदा झाला नाही. त्यामुळे आम्हाला कुठलाही अधिकार नसतो. घरात शिरता येत नाही, कुणाला थांबवता येत नाही. फोनचे कॉल रेकॉर्ड काढणं हा तर सरळ गुन्हा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असे रेकॉर्ड विकणारे पकडले, त्यात आमच्या धंद्यातले लोक होते. तेव्हा ऑफिसात आठवडाभर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

दुसरं म्हणजे काम. खून वगैरे विसरा. आमच्या ऑफिसात निम्म्याहून जास्त फाइली लग्नाआधीच्या चौकशीच्या. मुलगा काय करतो, आधीचं काही आहे का, दारू किती, कर्ज किती. बाकी कंपन्यांची कामं, रजा टाकून दुसरीकडे नोकरी करणारे वगैरे.

आता गंमत. टॉवरमध्ये शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो. गेटवर ॲप, वॉचमन दर दोन महिन्यांनी नवीन. मग कुणाला विचारायचं? आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला गाठ. कोपरखैरण्याची एक केस होती. मुलगा बँकेत मॅनेजर, असं स्थळाने सांगितलेलं. मी इस्त्रीवाल्याकडे दोन दिवस स्वतःचे शर्ट दिले, चहा पाजला. तिसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "त्या घरातनं हप्त्याला एकच फॉर्मल शर्ट येतो, तो पण बापाचा." नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. घरी बापाला माहीत होतं, आईला नव्हतं.

रिपोर्ट दिला, लग्न मोडलं, आम्हाला पैसे मिळाले. चरईकर म्हणतात तो बुधवार आमच्याकडे नसतो. मी परत कधी त्या गल्लीत गेलो नाही. इस्त्रीवाला मात्र तिथेच आहे, आणि त्या आईचे कपडे त्याच्याकडेच येत असणार. खरा मास्तर तो.

---

सेक्टर_सतरा | सोमवार, सकाळी ९:३०

दंडवत पायपीट. वेगळा धागा काढा राव.

---

चरईकर | सोमवार, सकाळी १०:००

पायपीट, "तो पण बापाचा" वर मी थांबलोच. कादंबरीत गावातला चपला शिवणारा नेमकं हेच काम करतो. गावातले सगळे पाय त्याच्या हाताखालून गेलेले. गुमास्त्याच्या डाव्या टाचेला त्याने दर चार महिन्यांनी चामड्याची पट्टी लावलेली. विहिरीवरचे चप्पल बघून तो मान हलवतो: हे माझं काम नाही.

---

घणसोली_गावठाण | सोमवार, दुपारी २:२५

नवी मुंबईत छोटं गाव कुठे, असं कुणी म्हणायच्या आत लिहून टाकतो. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली. त्याआधी ९५ गावं होती आणि अजून आहेत, फक्त चारी बाजूंनी सेक्टर उगवलेत. आमच्या गावठाणात आजही अर्धे पाटील आणि उरलेले म्हात्रे. गुप्तहेराने येऊन "पाटील कुठे राहतात" विचारलं तर त्याला संध्याकाळपर्यंत फिरवतील.

पण रहस्य म्हणाल तर आमच्याकडे ढीग आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळायचा. मिठागराच्या नि भाताच्या जमिनीला एकदम सोन्याचा भाव. मग जुने सात-बारे बाहेर निघाले. हस्तलिखित सात-बारा बघितलाय का कुणी? नाव कमी करायचं असेल तर त्याला कंस करायचे आणि बाजूला फेरफार क्रमांक. आमच्याकडे बोलतानाही "तिच्या नावाला कंस झाला" असंच म्हणतात. बहुतेक कंस बहिणींच्या नावांना. हक्कसोडपत्रावर सही घेतलेली, भाऊबीजेच्या दिवशी, ताटात साडी ठेवून.

माझ्या ओळखीत एक घर आहे. आत्याचा अंगठा आहे कागदावर. आत्या सातवी शिकलेली, गावात पत्र वाचून दाखवायची सगळ्यांना. सही करता येणारी बाई अंगठा का उठवेल? हा प्रश्न गावात सगळ्यांना माहीत आहे. उत्तरही सगळ्यांना माहीत आहे. हळदीला सगळे एकत्र नाचतात.

असा मास्तर आमच्याकडे आला तर त्याला शोधायचं काही नाही. त्याला फक्त पहिल्यांदा मोठ्याने बोलावं लागेल.

---

निवृत्त_फौजदार | सोमवार, दुपारी ४:१०

घणसोलीकर, अंगठ्याचा ठसा जुळवता येतो. हस्ताक्षरापेक्षा भरवशाचा पुरावा आहे तो. आत्याबाई हयात असतील तर वकील गाठा. मुदतीचा प्रश्न येईल, तरी विचारून ठेवा.

---

घणसोली_गावठाण | सोमवार, दुपारी ४:३२

हयात आहेत. नको म्हणतात. माहेर तुटेल म्हणतात.

---

काळा_पहाड_पंखा | सोमवार, रात्री ८:०५

बरं बाबा, काल जरा जोरात बोललो. आत्याच्या अंगठ्यावर मी चारशे पानं वाचेन. पण एक पाठलाग पाहिजे. निदान पाम बीच रोडवर.

---

पाचपाखाडी_७८ | सोमवार, रात्री ११:४८

एरवी नुसती वाचते. आज लिहिते.

आमची चाळ नौपाड्यात होती, आता तिथे सात मजली इमारत आहे. १९८२ ला ठाण्याची महापालिका झाली, त्यानंतर चार-पाच वर्षांनी घडलेली गोष्ट. तोपर्यंत ठाणं गावच होतं. स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत चालत गेलं तर वाटेत चार जणी विचारायच्या, "कुणाकडे निघालीस?"

चाळीच्या गणपतीची वर्गणी एका पत्र्याच्या डब्यात असायची. डबा आमच्याकडे, फळीवर. झाकण सैल म्हणून वरून सुतळी बांधलेली. एक दिवस आजोबांनी डबा उघडला तर निम्मे पैसे नाहीत. मोठा गोंधळ. मागच्या खोलीतल्या दोन मुलांवर आळ आला, कारण ते पत्ते खेळायचे. एकाच्या बापाने त्याला सगळ्यांसमोर मारलं. मी दहा वर्षांची होते, गॅलरीत उभी राहून बघत होते.

आजी काही बोलली नाही. तिने आजोबांच्या हातातली सुतळी घेतली आणि गाठ बघत बसली. आजोबा नेहमी सुरगाठ मारायचे. ही गाठ वेगळी होती, फासा टाकून एका हाताने ओढलेली. फुलं ओवताना मारतात तशी. आमच्या चाळीत घरी गजरे करून विकणारी एकच बाई होती, जिन्याजवळच्या खोलीत. नवरा आजारी.

आजी संध्याकाळी वाटीत साबुदाण्याची खिचडी घेऊन त्यांच्याकडे गेली. अर्ध्या तासाने परत आली. वाटी तिकडेच राहिली. दोन दिवसांनी पैसे "सापडले", कॅलेंडरच्या मागे. आजीने जाहीर केलं की म्हातारपणी विसरायला होतं, मीच ठेवले होते. पुढे कित्येक वर्षं चाळीत तिला "कॅलेंडर आजी" म्हणून चिडवायचे. ती हसायची.

मार खाल्लेल्या मुलाला तिने दिवाळीत शर्टाचं कापड घेतलं. मला ते पुरेसं वाटलं नाही. अजून वाटत नाही. तिने नाव सांगितलं असतं तर त्या बाईंचा धंदा बसला असता, हे समजतं. पण मुलाचं काय? तो पुढे ठाणं सोडून गेला आणि चाळीच्या कुठल्याच कार्याला परत आला नाही.

गाठीचं मला तिने मी कॉलेजला गेल्यावर सांगितलं, वेणी घालताना.

---

पायपीट | मंगळवार, सकाळी ८:५०

घणसोलीचं स्टेशन गेलं तरी वर बघितलं नाही.

---

कळवा_स्लो | मंगळवार, सकाळी ९:२०

पाचपाखाडी, माझं "मोजके संशयित" मागे घेतो. बंगाली रहस्यकथांमधला ब्योमकेश बक्षी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. तुमच्या आजीने सत्य शोधलं आणि वर झाकण लावलं. याला शब्द काय?

---

मिसळखाऊ | मंगळवार, सकाळी ९:२१

आजी.

---

सेक्टर_सतरा | मंगळवार, दुपारी १२:१०

चरईकर, आता शेवट सांगा. आम्ही कामं सोडून बसलोय.

---

चरईकर | मंगळवार, रात्री ९:३०

रहस्यभेदाचा इशारा. ज्यांना नको त्यांनी खाली वाचू नये. (वाचणार कुठे, पुस्तकाला नाव नाही.)

मिसळखाऊंनी पहिल्याच प्रतिसादात अर्धी केस सोडवली होती. चपला बदलल्याच होत्या, देवळात नाही, खानावळीत. गावात एकच खानावळ, एक काकू चालवतात. मास्तरला कळतं की शाळेतले एक गुरुजी तीन दिवस पाय दुखतोय म्हणून कुरकुरताहेत. त्यांच्या पायात गुमास्त्याचा जोड! डावी टाच पट्टी मारलेली. म्हणजे विहिरीवर ठेवलेला जोड गुरुजींचा. कुणीतरी अंधारात खानावळीच्या दारातून गुमास्त्याच्या म्हणून चपला उचलल्या आणि चुकीच्या उचलल्या. गुमास्ता शेवटचा जिवंत होता तो खानावळीत.

मारलं काकूंच्या भावाने. त्याने काकूंच्या पाटल्या त्यांना न विचारता सराफाकडे गहाण टाकल्या होत्या. गुमास्ता जेवायला आला होता तो काकूंना हे सांगायला. ढकलाढकलीत डोकं उंबऱ्यावर आपटलं.

मास्तर सांगतो. पाचपाखाडींच्या आजीसारखा गप्प बसत नाही, कारण सराफाने त्याच्याकडून पैसे घेऊन चौकशी... नाही, उलट लिहिलं, सराफाने त्याला पैसे देऊन चौकशी लावलेली असते. भावाला नेतात. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरला भूक लागते. गावात खानावळ एकच. तो जातो, पाटावर बसतो. काकू वाढतात. भात, वरण, भाजी, सगळं. फक्त ताटात लिंबू नसतं. रोज न मागता वाढलेलं असायचं. तो मागत नाही. शेवटचं पान एवढंच आहे.

---

काळा_पहाड_पंखा | मंगळवार, रात्री ९:५५

हरलो. पुस्तक कुठल्या वाचनालयात आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

निवृत्त_फौजदार | मंगळवार, रात्री १०:१५

मनुष्यवध, खून नाही. हेतू सिद्ध होणार नाही. बाकी लिंबाबद्दल काही म्हणायचं नाही.

---

सेक्टर_सतरा | बुधवार, सकाळी १०:४०

नाव तरी शोधा हो. दाखल क्रमांकावरून वाचनालयाच्या नोंदवहीत सापडेल. नाहीतर मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा, १८९३ पासूनचं आहे, तिथे जुन्या रहस्यकथा चाळणारं कुणीतरी भेटेल.

---

चरईकर | बुधवार, सायंकाळी ७:१०

आजच गेलो होतो परत करायला. ग्रंथपाल बाईंनी जुनी नोंदवही काढली, बोट ठेवत ठेवत क्रमांक शोधला. मग चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

त्या क्रमांकावर लोणची-मुरांबे करण्याचं पुस्तक आहे.

दोन्ही एकाच वेळी बाइंडिंगला गेली असणार आणि पुठ्ठे बदलले. माझ्या मास्तरची खरी नोंद दुसऱ्याच कुठल्यातरी क्रमांकावर आहे, आणि तो कुठला हे आता त्या बाइंडरलाच माहीत.

---

मिसळखाऊ | बुधवार, सायंकाळी ७:१२

म्हणजे ठाण्यात कुणीतरी खून वाचायला म्हणून कैरीचं लोणचं घरी घेऊन गेलंय, आणि तीन दिवस पाय दुखतोय म्हणून कुरकुरतंय.